कूस बदलली की खोली फिरते, उभं राहिलं की अंधारी येते

प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ६४. तीन आठवड्यांपासून पहाटे उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. एकदा उलटीही झाली. शिवाय गेले काही महिने रात्री बाथरूमला उठलं की डोळ्यांसमोर अंधारी येते, भिंत धरावी लागते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी. मानेच्या एक्स-रेत 'गॅप' निघाली म्हणून गळ्यात पट्टा आणि दिवसातून तीनदा चक्करची गोळी. आता तुम्ही विचारताय की हे बीपीचं, मानेचं की मेंदूचं, आणि एमआरआय करावा का.

वर्णनावरून मानेचं वाटत नाही, मेंदूचं असण्याची शक्यता कमी, आणि एकाच आजाराचं तर नाहीच. आईंना दोन वेगळे बिघाड एकाच वेळी आहेत. एक कानातला, एक रक्ताभिसरणातला. दोघांना 'चक्कर' हे एकच नाव पडलं आणि दोघांना मिळून एकच गोळी मिळाली.

खरं तर आपल्या बोलीत यांचे शब्द वेगळे आहेत. आजूबाजूचं फिरतंय असं वाटणं म्हणजे गरगरणं. डोळ्यांपुढे काळं येऊन आता पडणार असं वाटणं म्हणजे घेरी किंवा भोवळ. डोकं शांत पण पाय जागेवर पडत नाहीत, तो झोक जाणं. दवाखान्यात शिरेपर्यंत तिघांची 'चक्कर' होते आणि गल्लत तिथून सुरू होते. म्हणून आईंना आधी एवढंच विचारा: खोली फिरते की अंधारतं? आणि त्या क्षणी त्या आडव्या असतात की उभ्या?

दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. आडवं असताना मेंदू आणि हृदय एकाच पातळीवर असतात, रक्त वर चढवायचं नसतं. त्यामुळे झोपल्या झोपल्या कूस बदलताना गरगरलं तर त्याचा दोष रक्तदाबाकडे जवळजवळ जातच नाही. उलट, पलंगाच्या कडेवर नीट बसल्यावर काही नाही, पण तिथून उभं राहताच अंधारलं, तर कानाकडे संशय जात नाही, कारण बसल्याचं उभं राहताना डोक्याचा कोन फारसा बदलत नाही.

आधी कान बघू. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. आत पातळ द्रव असतो. डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव मागे राहतो आणि नळीच्या एका टोकाशी असलेला जेलीसारखा पडदा वाकतो. तो वाकला की मेंदूला 'डोकं फिरलं' असा निरोप जातो. या पडद्याची घनता आतल्या द्रवाइतकीच असते. म्हणून गुरुत्वाकर्षणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, तो फक्त फिरणं ओळखतो.

शेजारच्या पिशवीसारख्या भागाचं काम वेगळं. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका चिकट थरावर चिकटलेले असतात, एकेक कण साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. ते जड असल्यामुळे खाली कुठे आणि वर कुठे हे कळतं. वय वाढलं, डोक्याला मार बसला, बरेच दिवस अंथरुणात पडून राहावं लागलं, की यातले काही कण सुटतात. आपण उताणे झोपतो तेव्हा मागची नळी सगळ्यात खाली येते आणि सुटलेले कण बहुतेक वेळा तिच्यातच घरंगळतात. नळीच्या एका टोकाला पडदा असतो, तिकडून वाट नाही. बाहेर पडायचं तर दुसऱ्याच टोकाने. हे एकच दार लक्षात ठेवा, पुढचा सगळा इलाज त्यावर बेतलेला आहे.

आता आईंची लक्षणं यावर ठेवून बघा. कूस बदलली की कण नळीत खाली सरकतात, द्रव ओढला जातो, पडदा वाकतो. डोकं स्थिर असूनही मेंदूला 'फिरतंय' असा निरोप मिळतो. डोळे त्या खोट्या निरोपाप्रमाणे हलतात, म्हणून खोली फिरताना दिसते. कण भिंतीपासून सुटून वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात, त्यामुळे गरगर लगेच नाही, जरा थांबून सुरू होते. कण तळाला टेकले की पडदा स्वतःच्या लवचिकपणाने सरळ होतो, म्हणून मिनिटाच्या आत सगळं शांत. उठून बसलं की कण उलटे घरंगळतात आणि पुन्हा थोडं फिरतं. लागोपाठ तेच केलं तर कण विखुरतात आणि जोर कमी होत जातो. समतोलाची केंद्रं मेंदूच्या देठात उलटीच्या यंत्रणेशी जोडलेली आहेत, त्यामुळे मळमळ. याला वैद्यकात बीपीपीव्ही म्हणतात. नावात 'बीपी' असल्यामुळे अनेकांना हा रक्तदाबाचा प्रकार वाटतो, पण त्याचा रक्तदाबाशी काही संबंध नाही.

मानेवर आळ का येतो, तेही सांगतो. वरच्या फळीवरचं काही काढायला मान मागे टाकली की गरगरतं, म्हणून मान दोषी ठरते. प्रत्यक्षात मान वळताना डोकं वळतं, डोक्याबरोबर नळ्या वळतात. साठीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज आणि मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं (यालाच 'गॅप' म्हणतात) बहुतेकांना दिसतं, चक्कर असो वा नसो. पट्ट्याने डोकं हलायचं थांबतं, म्हणून बरं वाटल्यासारखं होतं. पण कण जागच्या जागी राहतात आणि मान ताठरते ती वेगळी. पट्टा काढून टाकायला हरकत नाही, अर्थात हातात मुंग्या किंवा ताकद कमी होणं असं काही नसेल तर.

निदान करायची चाचणी पलंगावरच होते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ती १९५२ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात. बसवून डोकं एका बाजूला ४५ अंश वळवायचं आणि त्याच स्थितीत झटकन उताणं झोपवायचं, डोकं आडव्या पातळीच्या खाली सुमारे २० अंश लोंबेल असं. काही सेकंदांनी गरगर सुरू होते आणि बुबुळं ठरावीक तऱ्हेने झटके देतात: कपाळाकडे आणि त्याच वेळी गोल, खालच्या कानाच्या दिशेने. जी बाजू खाली असताना हे दिसतं तो कान दोषी. आईंचा उजवा असावा. मोबाइलवर डोळ्यांचा जवळून व्हिडिओ घेतलात तर डॉक्टरांना त्यातून बरंच कळेल.

इलाज १९९२ मध्ये जॉन एप्ली यांनी प्रसिद्ध केला आणि तो पूर्णपणे भूमितीचा आहे: डोकं टप्प्याटप्प्याने असं फिरवायचं की कण नळीच्या वळणाने मागे सरकत त्या एकमेव दाराने बाहेर पडतील आणि पुन्हा पिशवीत जातील. पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून किंवा समतोलाचं प्रशिक्षण असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या, बाजू नक्की होते. नंतर घरी करता येतं. मानेच्या मणक्यात अस्थिरता, संधिवाताने धरलेली मान, नुकतं झालेलं मानेचं ऑपरेशन, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा किंवा डोळ्यातला सुटलेला दृष्टिपटल (रेटिना) यांपैकी काही असेल तर घरी अजिबात नाही.

उजव्या कानासाठी कृती अशी. पलंगावर पाय लांब करून बसायचं. मागे उशी अशी ठेवायची की झोपल्यावर ती डोक्याखाली न येता खांद्यांखाली येईल. चेहरा उजवीकडे ४५ अंश, म्हणजे नाक समोर आणि उजवा खांदा यांच्या बरोबर मध्ये. फक्त डोकं वळवायचं, खांदे नाही. तसंच झोपायचं, डोकं मागे टेकून गादीला लागेल असं. गरगर सुरू होईल, होऊ द्या. ती थांबल्यावर आणखी अर्धा मिनिट, एकूण किमान एक मिनिट. मग डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवायचं, आता चेहरा डावीकडे ४५ अंशांवर. पुन्हा एक मिनिट. मग डोकं आणि धड एकदमच डाव्या कुशीवर न्यायचं, नाक जमिनीकडे तिरकं रोखेपर्यंत. पुन्हा एक मिनिट. शेवटी हनुवटी छातीकडे दाबून, डावीकडून पाय खाली सोडत उठून बसायचं आणि दहा मिनिटं तसंच बसून राहायचं. उठून बसताना काहींना अचानक कुणी ढकलल्यासारखं होतं, तेव्हा शेजारी धरायला माणूस हवाच.

दुसऱ्या-तिसऱ्या स्थितीत पुन्हा थोडं गरगरलं तर घाबरू नका. कण योग्य वाटेने पुढे सरकतायत, असा त्याचा अर्थ.

फसतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा स्थिती बदलताना. डोकं जरा उचललं जातं आणि कण मागे पडतात. त्याखालोखाल घाई: दहा सेकंदांत पुढची स्थिती घेतली तर कण तळाला पोचलेलेच नसतात. उशी डोक्याखाली ठेवली की डोकं लोंबत नाही, वर उचललं जातं. आणि बाजू चुकली तर कितीही नीट केलं तरी उपयोग शून्य. एका बैठकीत तीन वेळा, रोज एकदा, असं २४ तास अजिबात न गरगरेपर्यंत करायचं. बहुतेकांना एक ते तीन बैठका पुरतात. नंतर रात्रभर बसून झोपा, वाकू नका, त्या कुशीवर वळू नका, ही पथ्यं पूर्वी सांगत. आता त्यांची गरज मानत नाहीत.

क्वचित एप्लींच्या या कृतीनंतर कण बाहेर पडताना शेजारच्या आडव्या नळीत घुसतात. मग दोन्ही कुशींवर वळताना जोरात फिरतं, कधी आधीपेक्षाही जास्त. त्याला अंगच ९०-९० अंशांनी लोळवत नेण्याची वेगळी पद्धत आहे, तीही डॉक्टर पलंगावरच करतात. आणि गरगर गेल्यावरही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, तरंगल्यासारखं वाटतं. पिशवीतल्या वजनाचा नवा हिशेब मेंदूला बसवायचा असतो. त्या दिवसांत घरात पडून राहण्यापेक्षा चालणं बरं.

आता गोळी. नळीतले कण कुठल्याही गोळीने बाहेर येत नाहीत. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारखी औषधं कानाकडून येणारा निरोप दाबतात. सतत उलट्या होत असतील तर एक-दोन दिवस त्यांचा आधार ठीक. आठवडेच्या आठवडे घेतली तर झोपाळूपणा येतो, मेंदूला नवी सवय लागायला उशीर होतो, आणि उतारवयात दीर्घकाळ घेतल्यास हातांना कंप, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. प्रोक्लोरपेराझिन उभं राहताना रक्तदाबही पाडतं. म्हणजे पहिल्या बिघाडाची गोळी दुसरा बिघाड वाढवते. पाकिटावर घटकाचं नाव कोणतं आहे ते पाहा आणि ज्यांनी दिली त्यांच्याशी बोलून ती लवकरात लवकर बंद करून घ्या.

आता अंधारी. उभं राहिलं की अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त तेवढं कमी होतं. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण मोजणारे मज्जातंतू असतात. ते काही सेकंदांत हे ओळखतात, हृदयाचे ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात. शिवाय मेंदू हृदयाच्या वर साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. रक्ताचा दर सेंटिमीटर उंचीचा स्तंभ पाऊण मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब खातो, म्हणजे दंडावर १०० दिसला तरी उभ्या माणसाच्या मेंदूपाशी तो ८० च्या आसपासच. डोळ्याला आणखी एक अडचण: नेत्रगोलाच्या आतच १० ते २१ मिलिमीटरचा दाब असतो, त्याला हरवून रक्त दृष्टिपटलापर्यंत पोचायचं असतं. म्हणून दाब उतरला की शुद्ध जायच्या आधी नजर जाते. अंधारी ही पूर्वसूचना आहे. ती आली की लगेच बसायचं, चालत राहायचं नाही.

रात्रीच का? झोपल्यावर पायांतलं साठलेलं पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतात, त्यामुळे पहाटेपर्यंत रक्ताचं आकारमान घटलेलं असतं. उबदार पांघरुणात त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. त्यात पाणी काढणारी गोळी. आणि लघवीची घाई, म्हणजे झटकन उठणं.

दवाखान्यात खुर्चीवर बसून मोजलेल्या दाबात हे सापडतच नाही. घरी दंडाला पट्टा बांधायचं मशीन असेल तर असं मोजा: पाच मिनिटं उताणं पडून पहिला आकडा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं असताना हात लोंबकळत ठेवला तर आकडा खोटा जास्त येतो, कारण दंड हृदयाच्या खाली जातो. कोपराखाली आधार देऊन पट्टा छातीच्या मध्याशी आणा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना दाब पडतो हे नक्की. तीन दिवस मोजा: सकाळी गोळ्यांआधी, गोळ्यांनंतर दोन तासांनी, आणि एकदा जेवणानंतर तासाभराने, कारण जेवणानंतर पोटाकडे रक्त जास्त वळतं.

नाडीचा आकडाही लिहा, तो लोक सोडून देतात. समजा झोपून १४८/८४ आणि नाडी ७२, उभं राहून १२२/७६ आणि नाडी ९६. दाब २६ ने उतरला, नाडी २४ ने वाढली. म्हणजे मज्जातंतूंची यंत्रणा धावून आली, पण रक्ताचं आकारमान कमी पडतंय. संशय पाणी काढणाऱ्या गोळीवर, कमी पाणी पिण्यावर, रक्त कमी असण्यावर. पण नाडी ७२ ची ७८ एवढीच झाली, तर यंत्रणाच सुस्त आहे. जुना मधुमेह असेल तर मज्जातंतूंना इजा हे पहिलं कारण. अर्थात गोळ्यांपैकी एक बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी रक्तदाबाची गोळी) असेल तर तीही नाडी वाढू देत नाही, तेव्हा आधी गोळीचा प्रकार बघा.

हे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. पाणी काढणारी गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी घेता येईल का, तिचा डोस कमी करता येईल का, ते विचारा. हिमोग्लोबिन, साखर, सोडियम-पोटॅशियम आणि एक ईसीजी एवढं बहुधा पुरतं. स्वतःहून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका. झोपलेल्या स्थितीतला दाब अनियंत्रित राहिला की दाब सांभाळणारे ते मज्जातंतू उलट आणखी बोथट होतात. आणि त्याच कारणाने आईंनी मीठ वाढवू नये, इतरांना तो सल्ला मिळत असला तरी.

तोवर घरी: उठताना आधी पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसायचं. घोट्यातून पाय वीस वेळा वर-खाली करायचे, मुठी आवळायच्या. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि शिरांतल्या झडपा रक्त फक्त वरच जाऊ देतात. मग उभं राहून, काहीतरी धरून, तिथेच अर्धा मिनिट थांबायचं आणि मग पाऊल. उभं असताना अंधारलं आणि बसायला जागा नसेल तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर ठेवून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे. सकाळी उठल्यावर साधारण अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत प्यायलं तर अनेकांचा दाब पुढचा तासभर सावरतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर हे करू नये. पलंगाची डोक्याकडची बाजू पलंगाच्या पायांखाली ठोकळे देऊन १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. उशा रचून काम होत नाही, त्याने फक्त मान वाकते. रात्री लघवीवाटे जाणारं पाणी याने कमी होतं. फक्त पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे फारसे उपयोगी नाहीत, कारण बरंच रक्त पोटात साठतं. पोटाचा पट्टा त्यापेक्षा बरा.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे झोक जाण्याबद्दल, आईंच्या वर्णनात काही नाही. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल जात असेल तर मात्र पायांच्या संवेदना आणि रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा.

एमआरआयचं म्हणाल, तर पलंगावरची चाचणी वर सांगितल्यासारखी ठरावीक निघाली तर गरज नाही. ते कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत आणि सीटी स्कॅनमध्येही नाहीत. पण गरगर मिनिटात न थांबता तासन्‌तास चालू राहिली, आधाराशिवाय बसता-चालता येईना, बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसू लागली, चेहरा किंवा हात-पाय लुळा पडला किंवा बधिर झाला, गिळता येईना, अचानक भयंकर डोकं किंवा मान दुखली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. तो मेंदूचा झटका असू शकतो. बुबुळं सरळ खाली, पायांकडे झटके देत असतील तर तेही मेंदूकडे बोट दाखवतं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर. श्रम करताना किंवा झोपलेलं असताना शुद्ध गेली, छातीत धडधड किंवा दुखणं होतं, तर हृदयाची तपासणी. काळी डांबरासारखी शौच आणि सोबत अंधारी असेल तर आत कुठेतरी रक्तस्राव होतोय असं धरून चाला.

कानाचा त्रास पुन्हा येऊ शकतो. पाच वर्षांत एकतृतीयांश ते निम्म्या लोकांना येतो. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते आणि कॅल्शियम भरून दिल्यावर पुनरावृत्ती कमी होते, म्हणून रक्त काढणारच आहात तर त्याचीही पातळी बघून घ्या. पुढच्या वेळी दुसरा कान असू शकतो, तेव्हा सवयीने उजव्या बाजूची कृती सुरू करण्याआधी कोणत्या कुशीवर फिरतंय ते पुन्हा एकदा विचारून घ्या.